उसना आवाज

“काही दाबू नका काकू, आधी नुसतं ऐका,” फोनवरची मुलगी म्हणाली. “काकांची पाटी उघडते आणि लगेच मिटते. असंच ना?”

“असंच. पापणी लवावी तशी.”

“सकाळपासून सगळ्यांचं हेच रडगाणं चाललंय. पाटीला काही झालेलं नाही. फोनच्या पोटात एक सेवा असते, तिच्या जिवावर बाकीची अ‍ॅप्स चालतात. रात्रीतून तिचं अपडेट आलं, कुणाला न विचारता, आणि सगळं बिनसलं.”

“म्हणजे नळ चांगला आहे, टाकीत घाण आहे.”

“अगदी बरोबर! म्हणून नळ उपटायचा नाही. पाटी काढून टाकायची नाही, तिची माहिती पुसायची नाही. काकांचा आवाज फक्त त्या फोनमध्ये आहे, त्याची कॉपी काढायची आमच्याकडून राहून गेलीय. सेटिंगमध्ये जायचं, अ‍ॅप्सची यादी उघडायची, खाली ती सिस्टीमची सेवा असेल, फक्त तिचं अपडेट काढायचं. जमेल ना? नाहीतर इकडे या. पण इकडे बाजार भरलाय.”

“जमेल,” बाई म्हणाल्या.

न जमण्यासारखं त्यात काही नव्हतंच. बाईंचं उभं आयुष्य हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीत गेलं होतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी रस्त्यात कुणी ना कुणी “औषधवाल्या बाई” म्हणून हाक मारायचं. पुढे रांग ओरडू दे, मागे साहेब ओरडू दे, लेबल दोनदा वाचल्याशिवाय त्यांनी कधी बाटली बाहेर सरकवली नव्हती. “बाई, तुम्ही लेबल वाचता की पोथी?” असं लोक म्हणायचे. “पोथी चुकली तर देव सांभाळून घेतो,” बाई मान वर न करता म्हणायच्या, “हे चुकलं तर कोण घेणार?”

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. पलीकडे मास्तर चमचा हातात धरून बसले होते. मास्तर म्हणजे त्यांचा नवरा. गाडी शिकवण्याच्या शाळेत ते मास्तर होते, म्हणून घरीदारी सगळ्यांचेच मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं होतं. आवाज कधी चढवायचा नाही अशी त्यांची ख्याती होती. कुणी गाडी भिंतीवर नेली तरी ते शांतपणे म्हणत, “छान. आता ही भिंत आपल्या ओळखीची झाली. मागे घ्या.”

मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढायचं ठरवलं. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलच्या वाचा विभागातल्या मुलीने, हीच फोनवरची, मास्तरांना काचेच्या खोलीत बसवून रोज लागणारी वाक्यं त्यांच्याच आवाजात भरून घेतली होती. चहा दे. पाणी. पंखा बंद कर. कुठे होतीस? पुरे. दुखतंय. अशी कितीतरी. ती सगळी फोनमधल्या एका अ‍ॅपवर चौकोनाचौकोनांत बसवली. चौकोन दाबला की मास्तर बोलत. तिला सगळे बोलती पाटी म्हणत आणि त्या मुलीला पाटीवाली. बोलण्यासाठी घशाला टेकवायचं यंत्र मास्तरांना जमलं नव्हतं. ऑपरेशननंतर उजवा खांदाही उतरला होता, दोन ओळी लिहिल्या की हात भरून यायचा. जे काही होतं ते या पाटीत होतं.

लेक म्हणायची, “आई, केवढं नशीब! बाबांचा आवाज राहिला.”

राहिला होता. पण कुठला?

त्या दिवशी मास्तरांचा घसा सुजलेला होता, दोन दिवसांवर सुरी होती, आणि समोर परकी मुलगी कागद धरून “पुढचं वाक्य, काका” म्हणत होती. ते घाबरले होते. घाबरलेला माणूस खेकसतो, तसे ते प्रत्येक वाक्य खेकसले होते. “चहा दे” म्हणजे हुकूम. “कुठे होतीस?” म्हणजे उलटतपासणी. बायकोला हाक मारायला त्यांनी “अगं ए” एवढंच भरलं होतं, आणि ते असं, की वाटावं रस्त्यात कुणीतरी ढोराला हाकललं. पुन्हा भरू म्हटलं तर वेळ नव्हता. ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून बाईंचा नवरा त्यांच्याशी त्या एका दुपारच्या आवाजात बोलत होता. दुखत असो की हसू येत असो, सूर तोच. बाई गॅलरीत गेल्या की आतून “अगं ए”. भाजी घेऊन आल्या की “कुठे होतीस?” ते रागावलेले नसतात हे त्यांना कळायचं. कानांना कळायचं नाही. हाक आली की खांदे आपोआप आक्रसायचे.

आणि मास्तर बोलताना फोनकडे बघायचे. चौकोन शोधावा लागे ना. बायकोच्या तोंडाकडे बघून बोलायची सवयच मोडली होती.

त्या सकाळी मात्र पाटी मिटली, आणि मास्तरांनी दोन-चारदा बोट आपटून पाहिलं, चमचा बशीवर वाजवला, आणि शेवटी नाइलाजाने मान वर केली. बाईंकडे बघितलं. अंगठा आणि बोट वाकवून कपाचा कान धरल्यासारखं केलं, भुवया उडवल्या, आणि मग दुसऱ्या हाताने पोटावर थापटून अशी काही करुण मुद्रा केली, की जणू आठवडाभर चहा मिळालेला नाही. बाईंना हसू फुटलं. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस आपण फार दिवसांनी बघतोय. त्यांनी चहा ठेवला. मास्तरांनी बोटांनी साखरेची चिमूट दाखवली. बाईंनी बोट हलवून नाही म्हटलं. मास्तरांनी छातीवर हात ठेवून मरायचं सोंग केलं. बाई म्हणाल्या, “मरा खुशाल. पण साखर मिळायची नाही.” मास्तरांचे खांदे बिनआवाजाने गदगदा हलले.

एवढंच झालं होतं. मग बाईंनी पाटीवालीला फोन केला होता.

मास्तर आंघोळीला गेले. बाईंनी चष्मा लावला, सेटिंग उघडलं. अ‍ॅप्सची लांबलचक यादी आली. पाटी वरच होती, ती सेवा बरीच खाली. बोट पाटीवर पडलं. ते मात्र चुकूनच पडलं, हे बाई पुढेही शपथेवर सांगू शकल्या असत्या. पाटीचं पान उघडलं. तिथून मागे यायचा बाण वर कोपऱ्यात होता, दिसत होता. बाईंनी तो दाबला नाही. खाली लिहिलं होतं, माहिती पुसा. त्यांनी ते दाबलं. फोनने विचारलं:

या अ‍ॅपमधील सर्व माहिती कायमची पुसली जाईल. पुसायची?

बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. ‘कायमची’ या शब्दाशी थोडं थांबल्या. न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता.

त्यांनी ‘होय’ दाबलं.

काही झालं नाही. ना आवाज, ना धक्का. मग त्यांनी यादीत खाली जाऊन ती सिस्टीमची सेवा शोधली आणि तिचं अपडेट काढलं, अगदी सांगितलं होतं तसं. पाटी उघडली. आता मिटत नव्हती. सगळे चौकोन रिकामे होते, नव्या घराच्या खिडक्यांसारखे.

मास्तर डोकं पुसत बाहेर आले आणि त्यांनी भुवया उंचावून विचारलं, झालं?

“अहो,” बाई म्हणाल्या, “काहीतरी चुकलं वाटतं.”

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. खिडकीत नाही, घरात नाही. ते इतकं सहज निघालं की त्यांच्या त्यांनाच किळस आली.

मास्तरांनी फोन हातात घेतला. एक चौकोन दाबला, दुसरा दाबला. मग सगळे, ओळीने, सावकाश. टॉवेल खांद्यावरून गळून पडला तो त्यांनी उचलला नाही.

*

वाचा विभागाबाहेरच्या व्हरांड्यात खरंच बाजार भरला होता, पण असा बाजार बाईंनी जन्मात पाहिला नव्हता. बाकांवर माणसं दाटीवाटीने बसलेली, प्रत्येकाच्या हातात मिटणारा फोन, आणि एकही तक्रार नाही. तक्रार करणारे होते ते सोबत आलेले.

“माझ्या वडिलांना सकाळपासून काही बोलता येत नाहीये!”

“आमच्या ह्यांना बोलता येत होतं तेव्हा तरी कुठे थांबत होते,” कुणीतरी बाई म्हणाली. व्हरांडा हसला, आणि तिचा नवराही, बिनआवाज.

पाटीवाली दारात खुर्ची टाकून बसली होती. लहान चणीची, केस पेन्सिलीने वर खोचलेले. एकेक फोन हातात घेत होती, अपडेट काढत होती, आपोआप पुन्हा येऊ नये म्हणून ते बंद करत होती, आणि फोन परत देताना सांगत होती, “बोलून बघा.” आणि मग तो आवाज यायचा. एका म्हाताऱ्याच्या फोनमधून “नमस्कार, मी ठीक आहे.” एका बाईच्या फोनमधून “दार लावून घे रे.” कुणाचा जाड, कुणाचा चिरका, कुणी नातवाला भरायला लावलेला. दर वेळी व्हरांड्यातल्या सगळ्यांचे चेहरे उजळायचे. जणू एकेकजण पाण्यातून वर येत होता.

मास्तर प्रत्येक आवाजाकडे मान वळवून बघत होते.

त्यांचा नंबर आला. पाटीवालीने फोन घेतला, पाटी उघडली आणि तिच्या हाताचा वेग थांबला. तिने आत कुठेकुठे जाऊन पाहिलं. फोन दुसऱ्या यंत्राला जोडून पाहिला. मागची रांग चुळबुळली तरी ती बघतच राहिली.

“काकू, माहिती पुसा असं काही दाबलं का?”

“असेल दाबलं,” बाई म्हणाल्या. “चष्मा... यादी मोठी होती.”

मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं. पण तिचे डोळे भरून आले होते.

“मी नीट सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “मी घाईत होते. तुमच्या घरी यायला हवं होतं मी. आणि कॉपी तर मीच... काका, मला माफ करा.”

तिने मास्तरांपुढे हात जोडले. मास्तरांनी घाईने तिचे हात खाली केले, तिच्या डोक्यावर थोपटलं. बाई बाजूला उभ्या होत्या. आपला धडधाकट, ठणठणीत आवाज घशात घेऊन उभ्या होत्या, आणि त्या आवाजाने एक अक्षर काढलं नाही. जी माफी आपण मागायची ती ही मुलगी मागत होती, आणि आपण ती मागू दिली.

बसमध्ये मास्तर खिडकीशी बसले. ड्रायव्हरने गिअर चुकवला, खडखडाट झाला. एरवी त्यांनी बायकोकडे बघून डोळा मारला असता. ते बाहेर बघत राहिले.

*

लेक दुसऱ्या दिवशी आली. दारातच बॅग टाकून बाबांना मिठी मारली आणि मास्तरांच्या खांद्यावर रडली. मग डोळे पुसून टेबलाशी बसली आणि लॅपटॉप उघडला. रडून झालं की कामाला लागायचं, हे ती आईकडून शिकली होती.

“मी तक्रार करणार आहे. लेखी. विभागप्रमुखांना भेटायची उद्याची वेळ घेतलीय, तुम्हीपण चला.”

“कुणाची तक्रार?”

“कुणाची म्हणजे? त्या मुलीची! फोनवरून असलं सांगतात का? सत्तरीच्या बाईला? कॉपी काढली नाही म्हणते, वर घाईत होते म्हणते. कंत्राटावर आहे म्हणे. मग ठेवूच नका ना असली माणसं.”

“तिने नीट सांगितलं होतं गं.”

“आई, तू सगळ्यांना पांघरूण घालतेस. नीट सांगितलं असतं तर तू चुकली असतीस का? तू? औषधवाल्या बाई?” लेकीचा आवाज फाटला. “लेबल दोनदा वाचणारी बाई आहेस तू. तुझ्याकडून चूक होते म्हणजे सांगणाऱ्याचीच असणार, हे मी देवासमोर सांगेन.”

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्या झेलल्या असत्या. हा विश्वास झेलवेना. बाहेर लेक टाइप करत होती. खटखट, खटखट. वाक्य पूर्ण झालं की मोठ्याने वाचून बाबांना दाखवत होती. मास्तर मान हलवत होते, पण हो की नाही ते कळत नव्हतं.

रात्री जेवताना मास्तरांनी पाण्यासाठी पेला नुसता पुढे सरकवला. मुद्रा नाही, सोंग नाही. बाईंनी काय धरलं होतं मनात? की पाटी गेली की तो सकाळचा माणूस घरात राहायला येईल? तो त्या सकाळपुरताच आला होता. त्याला माहीत होतं की आवाज खिशात आहे, म्हणून त्याला थट्टा सुचली होती. आता खिसा रिकामा होता.

*

विभागप्रमुख डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी लेकीचा कागद पूर्ण वाचला. पाटीवाली भिंतीशी उभी होती. आज केसांत पेन्सिल नव्हती, नीट वेणी घातली होती, परीक्षेला आल्यासारखी.

“तुझं काय म्हणणं आहे?” डॉक्टरांनी तिला विचारलं.

“मी सांगितलं होतं की पुसू नका,” ती म्हणाली, आणि लगेच, “पण मी एकदाच सांगितलं. परत म्हणवून घ्यायला हवं होतं. आणि कॉपीची जबाबदारी माझी होती. माझं म्हणणं काही नाही सर.”

“बघितलंत?” लेक म्हणाली. “ती स्वतःच कबूल करतेय.”

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. “हे बघा, मला ही मुलगी आवडते. पण पेशंटचा आवाज गेलाय. कागद वर पाठवावा लागेल. तिचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय, या कागदानंतर ते वाढवायला कुणी सही करणार नाही.” ते बाईंकडे वळले. “तुम्हाला काही सांगायचंय?”

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. ते खाली फरशीकडे बघत होते. आता गप्प बसलं की झालं. दोन मिनिटं. मग ही मुलगी जाईल, आणि आपण म्हातारपणी चष्मा चुकलेली बाई म्हणून सुखाने जगू.

“तिने सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या. “नळ उपटू नका म्हणाली होती. मला समजलं होतं.”

“आई, आपण हे बोललोय...”

“थांब. फोनने मला विचारलं. कायमचं पुसायचं का म्हणून. मी ते वाचलं. दोनदा वाचलं. आणि हो म्हटलं.”

कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला. ती मास्तरांची होती. ते अर्धवट उठले होते.

“म्हणजे... चुकून,” लेक म्हणाली.

“चुकून नाही.”

“का?” लेकीने अगदी बारीक आवाजात विचारलं, लहानपणी विचारायची तसं.

बाईंनी पदराचा शेव बोटाला गुंडाळला, सोडला. औषधाच्या खिडकीत प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. जेवणाआधी की नंतर, किती वेळा, पाण्याबरोबर की दुधाबरोबर.

“मला तो आवाज ऐकवत नव्हता,” त्या म्हणाल्या.

“मला त्यात बाबा ऐकू यायचे.”

“मला भीती ऐकू यायची. रोज. सकाळी उठल्यापासून. ऑपरेशनच्या आधीच्या त्या एका दिवसात मी दोन वर्षं राहिलेय गं.” आणि मग, लेकीकडे न बघता, “पण तो माझा नव्हता पुसायला. हे मला तेव्हाही माहीत होतं.”

पाटीवालीने तोंड भिंतीकडे वळवलं होतं. मास्तर उभेच होते. त्यांनी डॉक्टरांसमोरचा तक्रारीचा कागद उचलला, घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणि खिशात ठेवला. मग दार उघडून बाहेर गेले. बाई मागे गेल्या तेव्हा ते व्हरांड्याच्या टोकाला खिडकीशी पाठमोरे उभे होते. जवळ जावं असं त्या पाठीकडे बघून वाटेना.

लेक त्याच संध्याकाळी गेली. जाताना बाबांच्या पाया पडली. आईच्या पडायला वाकली, अर्ध्यात थांबली, आणि चपलेचा पट्टा लावू लागली.

*

पुढचे दिवस घर इतकं शांत होतं की फ्रीजची घरघर ऐकू यायची. बाईंना शांतता हवी होती, ती मिळाली. मास्तर स्वतःचा चहा स्वतः करू लागले. त्यात साखर किती घालत होते ते बाईंनी पाहिलं नाही, पाहायचा हक्क राहिला नव्हता. त्यांनी टेबलावर बोट वाजवलं तरी बाई हातातलं टाकून धावायच्या, आणि धावल्याबद्दल त्यांच्या त्यांनाच लाज वाटायची. अपराधी माणसाची तत्परता काय कामाची? शेजारीण विचारायची, “दुरुस्त झालं का हो अ‍ॅप?” बाई म्हणायच्या, “अ‍ॅप ठीक आहे.”

एका दुपारी मास्तरांनी लिहायचा छोटा पांढरा फळा आणला आणि बाईंच्या पुढ्यात बसले. डाव्या हाताने उजवं कोपर धरून लिहू लागले. बराच वेळ लागला. मध्ये दोनदा हात झटकला. बाई बघत बसल्या, मदत करता येण्यासारखं ते काम नव्हतं.

मास्तरांनी फळा फिरवला.

मलाही तो आवाज आवडत नव्हता. पण मला विचारायचंस.

बाईंनी वाचलं. दोनदा नाही, कितीतरी वेळा वाचलं. मग म्हणाल्या, “हो.” आणखी काही म्हणायला त्या तोंड उघडू लागल्या, तेवढ्यात मास्तरांनी हात वर केला. पुरे. आणि फळा पुसून जागेवर ठेवला.

*

पाटीवालीचं कंत्राट वाढलं. बाईंना ते कळलं ते तिचाच फोन आला तेव्हा. आवाजात अढी नव्हती, पण पूर्वीचा मोकळेपणाही नव्हता. जरा जपून बोलत होती, जसं आपण तडा गेलेली बशी उचलतो.

“काकांसाठी नवी पाटी करायचीय. यंत्राचा आवाज आहे, पुरुषाचा, बातम्या देतात तसा. नाहीतर घरातलं कुणीतरी वाक्यं भरून देतं. मुलगा, भाऊ. विचारून ठेवा त्यांना.”

बाईंनी लेकीला निरोप पाठवला. लेकीने येते म्हणून कळवलं आणि ती आलीही. हॉस्पिटलच्या दारात भेटली. “जेवलात का?” एवढं विचारलं. आईलाच विचारलं, पण बघितलं बाबांकडे.

पाटीवालीने आधी यंत्राचा आवाज ऐकवला. “मला चहा हवा आहे,” कुणीतरी परका सभ्य माणूस म्हणाला. मास्तरांनी नाक मुरडलं.

“मी भरते बाबा,” लेक म्हणाली. “माझा आवाज तुमच्यासारखा आहे असं सगळे म्हणतात.”

मास्तरांनी तिच्या गालाला हात लावला, आणि मान हलवली. नाही. मग त्यांनी बाईंकडे बोट दाखवलं.

“मी?” बाई म्हणाल्या. “अहो, मी नको. काहीतरीच काय. तिला करू द्या.”

मास्तरांचं बोट तिथेच राहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. ही शिक्षा होती की आणखी काही, ते बाईंना वाचता आलं नाही. लेकीने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि हातातली वाक्यांची यादी आईच्या हातात दिली.

काचेच्या खोलीत एक खुर्ची होती आणि तोंडाशी काळा माईक. दार लागलं तसे बाहेरचे आवाज तुटले. कानांवरच्या हेडफोनमधून पाटीवालीचा आवाज आला, “लाल दिवा लागला की बोला काकू. सावकाश. आवडलं नाही तर पुन्हा भरू, हवं तितक्या वेळा. आज घाई नाहीये.”

यादी दोनदा वाचायची सवय अजून गेली नव्हती. पाणी. पंखा बंद कर. कुठे होतीस? बाईंनी मनात म्हणून पाहिलं. हे आता ते म्हणणार, आपल्या तोंडाने. घरात पाऊल ठेवलं की आपणच आपल्याला विचारणार, कुठे होतीस? यापुढे ते जे मागतील, ज्यावर चिडतील, रात्री दुखलं तर जे सांगतील, ते सगळं याच घशातून. त्यात खोट आली तर ती रोज ऐकावी लागणार, त्यांना आणि आपल्याला.

लाल दिवा लागला.

बाईंनी श्वास घेतला. ओठ उघडले. पहिलाच शब्द होता, दोन अक्षरांचा. तो आला नाही. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा ओठ उघडले. आवाज जिथून येतो तिथे काहीतरी अडकून बसलं होतं, आणि कितीही जोर लावला तरी बाहेर फक्त वारा येत होता. खिडकीत इतकी वर्षं रांगेला आवरणारा तो आवाज, आणि आता एक ‘पाणी’ म्हणवेना. यंत्रावर सरळ रेघ पुढे सरकत होती.

त्यांनी काचेकडे पाहिलं. पाटीवाली यंत्र थांबवायला हात पुढे करत होती. मास्तरांनी तिचा हात हळूच अडवला. खुर्ची काचेजवळ ओढून ते बसले, हात मांडीवर ठेवले, आणि बाईंच्या तोंडाकडे बघत थांबले.